घरदुरुस्ती आणि कंत्राटदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक फिरून फिरून विचारतात. काही जण काम काढण्याआधी विचारतात, बरेचसे मात्र घरभर राडारोडा पडल्यावर. क्रम त्यामुळे तसाच ठेवला आहे: आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ज्यांचं घर आत्ता फोडलेलं आहे त्यांनी थेट प्रश्न ९ वर जावं.

१. कंत्राटदार कशाला हवा? गवंडी, प्लंबर, वायरमन मीच बोलावले तर पैसे वाचतील ना?

वाचतील, पण कंत्राटदार ज्या कामाचे पैसे घेतो ते काम मग तुम्हाला करावं लागेल. ते काम म्हणजे योग्य माणूस योग्य दिवशी आणणं. प्लंबरने पाइप टाकल्याशिवाय गवंड्याला झिरी, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कापलेली खाच, बुजवता येत नाही, आणि वायरमन दोन दिवस उशिरा आला तर झालेला गिलावा पुन्हा फोडावा लागतो. गळती निघाली की प्लंबर गवंड्याकडे बोट दाखवतो आणि गवंडी प्लंबरकडे.

नुसता रंग, नुसते नळ, एका खोलीची फरशी असं एकाच हाताचं काम असेल तर थेट कारागीर बोलवा. बाथरूम किंवा स्वयंपाकघर असेल, जिथे तीन-चार प्रकारचे कारागीर एकाच जागेत घुसतात, तिथे जबाबदार डोकं एकच हवं. दिवसभर घरी असाल तर ते डोकं तुमचंही असू शकतं.

२. चांगला कंत्राटदार ओळखायचा कसा?

मोबाइलमधले फोटो बघून नक्कीच नाही. नवंकोरं काम फोटोत सगळ्यांचंच छान दिसतं. दोन पावसाळे काढलेलं एखादं काम दाखवायला सांगा आणि त्या घरच्यांना दोनच गोष्टी विचारा: ठरलेल्या रकमेपेक्षा शेवटी किती जास्त गेले, आणि काम संपल्यावर बोलावलं तेव्हा तो आला का.

तो पहिल्यांदा घरी येतो तेव्हा काय करतो तेही बघा. टेप काढतो का? ओल दिसते तिथे हात लावून भिंतीच्या पलीकडे काय आहे असं विचारतो का? दारात उभं राहून आकडा सांगणाऱ्याने एक तर काहीतरी सोडलेलं असतं, नाहीतर बरंच काही धरलेलं असतं. शिवाय विचारून घ्या की रोज प्रत्यक्ष साइटवर कोण असेल. गोड बोलणारा एक आणि काम करणारा दुसराच, हे नेहमीचं आहे. तो दुसरा आधी भेटलेला बरा.

३. तीन कोटेशनं आली, आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कुठलं खरं?

बहुतेक वेळा तिन्ही खरी असतात, फक्त ती तीन वेगवेगळ्या कामांची असतात. एकाने जुनी फरशी उखडणं धरलंय, दुसऱ्याने जुन्यावरच नवी बसवायची ठरवलीय, तिसऱ्याने राडारोडा उचलून नेण्याचा उल्लेखच केलेला नाही. म्हणून कामांची यादी तुम्ही लिहा आणि तिघांना तीच द्या. मग फरक कुठल्या ओळीत आहे ते दिसतं.

माझा अनुभव असा की सगळ्यात स्वस्त कोटेशनमध्ये दोन गोष्टी हमखास गाळलेल्या असतात: राडारोड्याची वाहतूक आणि वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात. पहिली उशिरा आठवते, दुसरी तर काही महिन्यांनी.

४. काम उक्तं द्यावं, मोजमापावर की रोजावर?

काय करायचं ते पूर्ण ठरलेलं असेल तर उक्तं, म्हणजे सगळ्या कामाची मिळून एक रक्कम. किती करायचं ते नक्की नसेल (गिलावा, रंग, फरशी) तर मोजमापावर, म्हणजे चौरस फुटाचा किंवा रनिंग फुटाचा दर. आत काय निघेल याचा कोणालाच पत्ता नसेल, उदाहरणार्थ गळती शोधणं, तर रोजावर.

प्रत्येकाची खोड वेगळी. उक्त्यात घाई होते, मोजमापावर मापं फुगतात, रोजावर दिवस लांबतात. एकाच घरात तिन्ही पद्धती वापरायला हरकत नाही: गळती शोधेपर्यंत रोजावर, सापडल्यावर दुरुस्ती उक्ती. फक्त कुठली ओळ कुठल्या पद्धतीत ते लिहा.

५. माल आपण आणावा की त्याने?

माझी साधी विभागणी आहे. डोळ्याला दिसणारा माल तुमचा: फरशी, नळ, दिवे, रंगाची छटा. आत गाडला जाणारा माल त्याचा: सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल, सांध्यांची चिकट. कारण वॉटरप्रूफिंगचा डबा तुम्ही आणला आणि छत गळलं, तर 'माल तुमचा होता' हे वाक्य तुम्ही स्वतःच त्याच्या हातात दिलेलं असतं. त्याच्या मालाचा ब्रँड आणि प्रकार मात्र कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि डबे सील असताना बघा. सिमेंटच्या पोत्यावर तारीख असते. तीन महिन्यांहून जुन्या पोत्याचा जोर कमी झालेला असतो, आणि गुठळ्या हातानेही फुटत नसतील तर ते पोतं परत पाठवा.

फरशी घेताना मोजमापावर १० टक्के जास्त धरा, तिरकी बसवायची असेल तर १५. सगळी खोकी एकाच बॅच नंबरची हवीत, नाहीतर छटेतला फरक भिंतीवर लागल्यावर कळतो. उरलेलं एक खोकं परत करू नका. पाच वर्षांनी एक फरशी फोडावी लागली की त्याची किंमत कळेल.

६. आमचं तोंडीच ठरलंय, माणूस भरवशाचा आहे. तरी लिहून घ्यायचं का?

हो, भरवशाचा असला तरी. लिहिण्याचं कारण अविश्वास नसतं. दोघांच्या डोक्यातलं काम एकच आहे का, हे कागदावरच कळतं. 'बाथरूम नवीन करून द्या' या वाक्यात तुमच्या मनात दारही असतं, त्याच्या मनात नसतं.

वकिली भाषा नको, एक पान पुरतं. कामाची ओळीओळीने यादी, माल कोणाचा, दर किंवा रक्कम, सुरुवात आणि शेवटची तारीख, पैशांचे टप्पे (प्रश्न ७), वाढीव कामाची रीत (प्रश्न १२), राडारोडा कोण उचलणार, आणि मोडतोड झाली तर भरून कोण देणार. यात नसलेल्या गोष्टीही लिहा: 'खिडक्या धरलेल्या नाहीत'. ही एक ओळ निम्मी भांडणं वाचवते. दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत. एवढंही जमत नसेल तर निदान सगळं ठरलेलं मोबाइलवर संदेशात लिहून पाठवा आणि 'बरोबर आहे' असं उत्तर मागून घ्या.

७. आगाऊ किती द्यायचे? तो निम्मे मागतोय.

निम्मे देऊ नका. साधारण १० ते १५ टक्के उचल पुरेशी असते. फरशी किंवा मापाचे दरवाजे अशी खास ऑर्डर द्यायची असेल तर त्या मालाचे पैसे वेगळे द्या, तेही शक्यतो थेट दुकानदाराला आणि बिल तुमच्या नावावर.

पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. 'दर शनिवारी अमुक' असं ठरलं की शनिवार येतो, काम येत नाही. बाथरूमचं उदाहरण घेतलं तर: तोडफोड होऊन राडारोडा हलला की एक हप्ता, पाइप टाकून दाबाची चाचणी झाली की दुसरा, वॉटरप्रूफिंग पाण्याच्या परीक्षेत पास झालं की तिसरा, फरशी बसली की चौथा. शेवटचे ५ ते १० टक्के काम संपल्यावर काही दिवस हातचे ठेवायचे, आणि ते किती दिवस ते आधीच लिहायचं. एकच तत्त्व लक्षात ठेवा: आज तो निघून गेला तर झालेलं काम दिलेल्या पैशांपेक्षा जास्त असायला हवं.

८. मापं त्याने घेतली, बिल अपेक्षेपेक्षा जास्त आलं. गडबड कुठे होते?

दारं-खिडक्यांच्या वजावटीत. समजा १० बाय १२ फुटांची खोली, उंची १० फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी, म्हणजे ३७ चौरस फूट वजा केले की ४०३ उरतात. काही जण वजावट करत नाहीत, कारण दाराच्या कडांनाही गिलावा लागतो. अगदी लहान उघड्या जागांपुरतं ते रास्त आहे, मोठ्या खिडकीला नाही. कुठली रीत चालणार ते दर ठरवतानाच ठरवा.

दुसरी जागा म्हणजे एकक. दर चौरस मीटरचा आणि माप चौरस फुटांत असं झालं तर लक्षात ठेवा, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. मापं दोघांनी मिळून घ्यावीत, एकाने टेप धरावी, एकाने लिहावं. फरशीखाली किंवा गिलाव्याआड जाणारं माप झाकण्याआधीच घ्या.

९. रोज कामावर उभं राहायला हवं का? नोकरी सोडून कसं जमणार?

रोज नको. डोक्यावर उभं राहिलेल्या माणसामुळे चांगला कारागीरही वैतागतो. पण काही क्षण असे असतात की तेव्हा तुम्ही नसलात तर मग कधीच नसता. जे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी बघायचं, एवढाच नियम.

झिरीत पाइप आणि वायरची नळी टाकून झाली की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, फोटोत टेप धरून. पुढे खिळा ठोकताना हेच फोटो वाचवतात. नळाच्या पाइपांची दाबाची चाचणी याच वेळी: एरवीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, आणि काही तासांनी गेजचा (दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा हललेला नसावा. गिलावा लावण्याआधी जुना पृष्ठभाग टाचे मारून (छिन्नीने टोचून खडबडीत करून), धूळ झाडून, ओला केलेला आहे का ते बघा. गुळगुळीत काँक्रीटवर टाचे न मारता लावलेला गिलावा काही काळाने पापुद्र्यासारखा सुटतो. वॉटरप्रूफिंगचा पहिला हात वाळल्यावर दुसरा आडवा-उभा उलट दिशेने लावला का, तेही याच यादीत.

फरशी झाकली जात नाही, पण तपासायची वेळ तिचीही ठरलेली आहे. सांधे भरण्याआधी नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. पोकळ आवाज आला की खाली चिकट नाही. त्या दिवशी ती फरशी सहज निघते, सांधे भरल्यावर शेजारची घेऊन निघते.

१०. बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं म्हणतात, ते खरंच करायचं का? कंत्राटदार म्हणतो गरज नाही.

करायचंच. माझ्या स्वतःच्या घरी ही परीक्षा 'वेळ नाही' म्हणून टाळली होती, आणि खालच्यांचं छत दोनदा रंगवून दिलं. वॉटरप्रूफिंग वाळलं की, फरशी बसवण्याआधी, निचऱ्याचं भोक घट्ट बंद करा आणि दारात छोटा बांध घाला. सगळ्या भागावर निदान २५ मिलिमीटर पाणी उभं राहील इतकं भरा. भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण करा. निदान २४ तास, शक्य असेल तर ४८ तास ठेवा. थोडं पाणी हवेतही उडतं, म्हणून शेजारी एका बादलीत पाणी भरून तिच्यावरही खूण करा. बाथरूमची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली तर पाणी कुठेतरी जातंय. खालच्या छतावर डाग आला का तेही बघा.

फरशी बसल्यावर उतार तपासा: मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर पुरतो. बादलीभर पाणी ओता आणि कोपऱ्यात तळं राहतंय का बघा.

११. गिलाव्यावर 'सात दिवस पाणी मारा' सांगितलं आणि चौथ्या दिवशी रंगारी हजर. चालेल का?

नाही. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि पाणी आधीच उडालं तर ती क्रिया अर्धवट राहते. भिंतीवर बारीक जाळीदार भेगा दिसतात, हात फिरवला की वाळू झडते. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची मोजतात ती याच कारणाने. सात दिवसांत त्यातली साधारण दोन तृतीयांश येते.

पाणी मारण्याची मुदत संपल्यावर भिंत सुकायला वेगळा वेळ द्यायचा, मगच पुट्टी. ओल्या भिंतीवर रंग लावला तर फुगे येतात. पाणी कोण मारणार, तुम्ही की त्याची माणसं, हेही आधी ठरवा. सुट्टीच्या दिवशी ते कोणीच मारत नाही.

१२. 'आलोच आहोत तर हेही करून टाकू' असं करत यादी वाढली आणि बिलही. आता?

झालेल्या कामाचे रास्त पैसे द्या. पुढच्यासाठी रीत: वाढीव काम सुरू करण्याआधी काय, किती रक्कम आणि किती दिवस जास्त, या तीन गोष्टी संदेशात लिहायच्या आणि तुमचा होकार आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. घरातल्या एकाच माणसाने होकार द्यायचा. नवरा एक सांगतो, बायको दुसरं, आजोबा येता-जाता तिसरं, आणि कंत्राटदाराच्या वहीत तिन्ही जातात.

१३. भिंत फोडल्यावर आत गंजलेल्या सळया निघाल्या. तो म्हणतो हे कोटेशनमध्ये नव्हतं. बरोबर आहे का?

बरोबर आहे. आत काय आहे ते त्यालाही दिसत नव्हतं. पण जास्तीचा आकडा तोच एकटा ठरवणार नाही. काम थांबवा, फोटो काढा, आणि सळईचा प्रश्न असेल तर कंत्राटदाराचा नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या. गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. वरून सिमेंट थापलं तर गंज आत चालूच राहतो. मग प्रश्न १२ ची रीत. अशा प्रसंगासाठी बजेटच्या १० ते २० टक्के सुरुवातीलाच बाजूला ठेवावेत, जुनं घर असेल तर वरचा आकडा धरावा.

१४. मिस्त्री म्हणतो ही भिंत काढली तर काही होत नाही. विश्वास ठेवू?

नको. भिंत भार पेलते की नुसती आड आहे, हे ठोकून कळत नाही. इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय आणि लागणारी परवानगी आल्याशिवाय हात लावू देऊ नका. कॉलम आणि बीममध्ये तर पाइपसाठी झिरीसुद्धा मारू देऊ नका. भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतीतही उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा जुना ठोकताळा आहे.

१५. घरात लहान मूल आहे. काम चालू असताना राहता येईल का?

एका खोलीचं काम असेल तर दाराला प्लॅस्टिक लावून जमतं. अपवाद दोन. खूप जुना तैलरंग घासायचा असेल तर त्यात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. तो कोरडा घासू देऊ नका आणि त्या काळात मुलाला दुसरीकडे ठेवा. दुसरा, जुने सिमेंटचे नालीदार पत्रे. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते फोडायचे किंवा कापायचे नाहीत. जाणकार माणसाकडून अख्खे उतरवून घ्यायचे.

१६. मजूर थेट माझ्याकडे पैसे मागतात, म्हणतात मालकाने दिले नाहीत. देऊ का?

कळवळा येतो, पण परस्पर देऊ नका. कंत्राटदाराला त्यांच्यासमोर फोन लावा. त्याने मान्य केलं तर द्या, रक्कम आणि तारीख त्याला संदेशात कळवा, आणि ती पुढच्या हप्त्यातून वळती करा. मात्र हा प्रकार दुसऱ्यांदा घडला तर समजा की तुमचे पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी साइटवर चाललेत. प्रश्न १७ त्यानंतर लगेच येतो.

१७. चार दिवस कोणी आलं नाही, फोन उचलत नाही. काय करू?

आधी साइट जशी आहे तशी फोटोत घ्या आणि पडलेल्या मालाची यादी करा. मग लेखी कळवा: अमुक तारखेपर्यंत काम सुरू झालं नाही तर उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेऊ आणि फरक तुमच्या रकमेतून वळता करू. मुदत द्या, निदान आठवडाभर. माणूस खरंच आजारी असू शकतो. मुदत संपली तर दोघांच्या किंवा तिऱ्हाइताच्या समोर झालेल्या कामाची मापं घ्या आणि मगच नवा माणूस आणा. नवा माणूस आधीच्याला शिव्या घालत सगळं पुन्हा करायला सांगेल. त्यातलं किती खरं ते इंजिनिअरकडून तपासून घ्या.

१८. काम वाईट झालंय. सगळेच पैसे अडवून ठेवू का?

सगळे नाही. वाईट झालेल्या भागाच्या दुरुस्तीला जितके लागतील तितकेच अडवा, बाकीचे द्या. सगळे अडवले की त्याला परत यायचं कारणच उरत नाही. दोषांची यादी खोलीनुसार लिहा. 'फिनिशिंग बरोबर नाही' असं नको, 'उत्तरेच्या भिंतीवर खिडकीखालच्या तीन फरश्या पोकळ' असं. ओळंबा लावून (भिंत सरळ उभी आहे का), पाणसळ धरून (पातळी सपाट आहे का) दाखवता येतो तो दोष वादाचा राहत नाही. डोळ्याला वाटणाऱ्या दोषावर मात्र दिवस जातात.

१९. कंत्राटदार नात्यातला आहे. हे सगळं त्याला कसं सांगायचं?

पहिल्याच दिवशी, कामाचं बोलणं होताना. 'मी सगळ्यांशीच असं लिहून घेतो' हे वाक्य सुरुवातीला खपतं, तिसऱ्या आठवड्यात टोचतं. आणि दर कमी करायला लावू नका. नात्यापोटी तोट्यात घेतलेलं काम तो नेहमी शेवटी करतो.

२०. दोन वर्षांची हमी होती, वर्षाने ओल परत आली. तो म्हणतो ही ओल त्याच्या कामाची नाही.

शक्य आहे, म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. ओल्या जागेवर दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ ते ४८ तासांनी बघा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतली दमट हवा आहे आणि कंत्राटदाराचा त्यात दोष नाही.

पाणी भिंतीतून येत असेल तर सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. तरीही काटा फिरत असेल तर दाबाचा पाइप गळतोय. मीटर स्थिर असेल आणि अंघोळीनंतरच ओल वाढत असेल तर निचऱ्याचा पाइप किंवा वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. यातलं जे निघेल ते त्याच्या कामाच्या यादीत (प्रश्न ६) होतं का, एवढंच मग बघायचं. हमीपत्रात 'गळती' असा मोघम शब्द असेल तर वाद लांबतो. पुढच्या वेळी कुठली जागा, कुठलं काम आणि किती दिवसांत येऊन बघणार हे तिन्ही लिहून घ्या.